आरोग्याची शिदोरी : कळा मंद असल्या तरी निर्णय मंद नको



बाळंतपण हा बायकांचा विषय, असे म्हणून आपल्याकडे पुरुष मंडळी बाजूला होतात. आत सासू, आई किंवा शेजारची जाणती बाई असते. बाहेर ओट्यावर नवरा, सासरा आणि दीर बसलेले असतात. पण "आता दवाखान्यात न्यायचे का?" हा प्रश्न आला की गाडी कोणाची सांगायची, पैसे कुठून आणायचे, हे सारे ओट्यावरच ठरते. ज्याला आतले काही ठाऊक नाही तो निर्णय घेतो, आणि जिला कळा सोसायच्या आहेत तिला कोणी विचारत नाही. म्हणून आजचा लेख घरातल्या सर्वांनी वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.

जोराच्या कळा आल्या, पाणी गेले, बाळ खाली आले, तर कोणी वाट पाहत नाही. तेव्हा घर आपोआप धावते. खरा घोळ होतो तो कळा मंद असतात तेव्हा. संध्याकाळी पोट दुखू लागते, रात्री थांबते, पहाटे पुन्हा सुरू होते. कोणी म्हणते खोट्या कळा आहेत, कोणी म्हणते आज होणार. एकदा दवाखान्यात जाऊन परत यावे लागले तर दुसऱ्यांदा जायची लाज वाटते. अशा वेळी काही घरे उगाच घाबरतात आणि काही घरे नको तितकी थांबतात. पहिल्या चुकीत भाडे जाते. दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो.

कळा मंद का असतात, हे आधी समजून घेऊ. मूल बाहेर येण्यासाठी गर्भपिशवीचे तोंड पूर्ण, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उघडावे लागते. दवाखान्यात सिस्टर "दोन बोटे उघडले आहे" म्हणतात ते याच तोंडाबद्दल. सुरुवातीला हे तोंड जाड, लांब आणि बंद असते. ते आधी मऊ व पातळ होते आणि मग हळूहळू उघडते. या पहिल्या टप्प्यात कळा लांब लांब अंतराने येतात, कधी थांबतातही. पहिलटकरणीच्या बाबतीत हा टप्पा बरेच तास, कधी एक दिवस किंवा त्याहूनही जास्त चालतो. त्यात बाईचा काही दोष नाही. "हिला कळाच काढता येत नाहीत" असे टोमणे मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डॉक्टर लोकांनाही हे नीट उमगायला वेळ लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी बाळंतपणाच्या वेळेचा आलेख मांडला. त्यावरून पुढे तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलेच पाहिजे, असा नियम रूढ झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की हा वेग प्रत्येक बाईला लागू पडत नाही. जोराचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा आणि त्याआधीच्या मंद टप्प्याला ठरावीक तासांचे माप नाही, असे संघटनेचे आजचे मत आहे. ५ सेंटिमीटरनंतरचा टप्पा मात्र पहिल्या खेपेला साधारण १२ तासांच्या आत आणि पुढच्या खेपांना १० तासांच्या आत पुरा होतो. याचा अर्थ एवढाच की आई व बाळ ठीक असतील तर मंद कळांना घाबरायचे कारण नाही. पण आई व बाळ ठीक आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. ते घरात बसून पूर्ण कळत नाही.

मग घरात काय करावे? पहिले काम म्हणजे घड्याळ आणि कागद. कळ सुरू झाली की वेळ लिहा, किती सेकंद टिकली ते लिहा. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर धरायचे. समजा रात्री ९.१०, ९.२८, ९.४० आणि १०.०५ अशा कळा आल्या. अंतर १८ मिनिटे, मग १२, मग २५. यात मेळ नाही, म्हणजे अजून सुरुवात आहे किंवा खोट्या कळा आहेत. पहाटे २.००, २.०५, २.१०, २.१४ अशा आल्या आणि प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली, तर काम पुढे सरकले असे समजावे. खोट्या कळा बहुधा पोटातच राहतात आणि चालल्याने, कूस बदलल्याने किंवा विश्रांतीने विरतात. खऱ्या कळा बहुधा कमरेतून निघून पुढे येतात, वाढत जातात आणि काही केल्या थांबत नाहीत. तोंडी हिशेब नंतर कोणाला आठवत नाही. कागदावरची वेळ पाहून मात्र सिस्टरला दोन मिनिटांत सर्व समजते.

दुसरे काम फोनचे. सल्ला विचारणे आणि दवाखान्यात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळा सुरू झाल्या की लगेच आशाताईला किंवा दवाखान्यातील सिस्टरला कळवावे. बोलताना गोंधळू नये. "पहिलटकरीण आहे, नववा पुरा झाला आहे, कळा रात्री नऊपासून आहेत, दर दहा मिनिटांनी येतात, पाणी गेलेले नाही, अंगावरून रक्त नाही, बाळ हलते आहे," एवढे सांगितले की समोरच्या माणसाला नीट सल्ला देता येतो. मध्यरात्र आहे, सिस्टर रागावतील, असा संकोच करू नये. आशाताई आपल्याच वस्तीतली लेक-सून असते आणि तिचे हे कामच आहे.

तिसरे काम त्या बाईची काळजी. तिला उपाशी ठेवू नका. कळा मंद आहेत तोवर पेज, खिचडी, भाकरी-दूध, केळी, पाणी असे हलके थोडे थोडे द्या. तासा-दोन तासांनी लघवीला पाठवा, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत आडवी येते. चालवत असेल तर चालू द्या, झोप येत असेल तर डाव्या कुशीवर झोपू द्या. गरम पाण्याची अंघोळ, कमरेला हलके चोळणे आणि जवळ एक मायेचे माणूस, हे या टप्प्यातले उत्तम औषध आहे. ओळखीची बाई सोबत असावी असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता काय करू नये, तेही स्पष्ट सांगतो. कळा वाढाव्यात म्हणून घरी कोणालाही बोलावून इंजेक्शन देऊ नका. या कळांच्या इंजेक्शनाने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळाचा श्वास कोंडू शकतो. दवाखान्यात तेच औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके पाहत देतात. वरून पोट दाबणे, आत हात घालून पाहणे, एरंडेल किंवा झाडपाल्याचे काढे पाजणे, तोंड उघडण्याआधीच "जोर कर, जोर कर" म्हणून बाईला दमवणे, हे सर्व बंद झाले पाहिजे. आणि पंचांग पाहू नका. सोनईपासून शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर आहे. शनिवार, अमावास्या यांचे भय आपल्या भागात अजून घराघरांत आहे. "आज अमावास्या, उद्या नेऊ" असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. बाळ पंचांग वाचून जन्माला येत नाही. शनिवारचा एकच विचार करावा, तो रस्त्याचा. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येला घोडेगावकडून आणि राहुरीकडून येणारे रस्ते वाहनांनी भरून जातात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळेही खोळंबा होतो. अशा दिवशी अर्धा-एक तास आधी निघावे, हे खरे शहाणपण.

निघायचे केव्हा? पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पण तो दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी. वस्ती रानात असेल, रस्ता कच्चा असेल किंवा दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल, तर कळा नियमित झाल्या की निघा. पाच मिनिटांची वाट पाहू नका. दुसरी-तिसरी खेप असेल तर काम एकाएकी उरकते, म्हणून आणखी लवकर निघा. आणि कळा मंद असल्या तरी १२ तास होऊन गेले असतील, किंवा सलग दुसरी रात्र बिनझोपेची जात असेल आणि बाई थकून गेली असेल, तर तपासणी करून घेतलीच पाहिजे.

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर कळा मोजत बसू नये, तडक निघावे. हा भाग कापून भिंतीला लावला तरी चालेल.

१) अंगावरून रक्त जाणे. रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव ही सुरुवातीची नेहमीची खूण आहे. पण कापड भिजेल असे लाल रक्त धोक्याचे.
२) पाणमोट फुटणे, मग कळा असोत वा नसोत. वेळ लिहावी, स्वच्छ कापड घ्यावे. पाणी हिरवे, पिवळे, तपकिरी किंवा वासाचे असेल तर क्षणाचाही उशीर नको.
३) बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. कळा चालू असतानाही बाळ हलले पाहिजे.
४) ताप, थंडी.
५) डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणे, तोंडावर सूज, झटके. ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे आहेत.
६) दोन कळांच्या मध्ये पोट सैल न पडणे, सारखे कडक राहून दुखणे.
७) नाळ, हात किंवा पाय आधी बाहेर दिसणे. नाळ दिसली तर ती आत ढकलू नये. बाईला गुडघे व छाती टेकवून कंबर वर राहील असे ठेवावे आणि तातडीने १०८ ला फोन करावा.
८) दिवस पुरे भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत कळा येणे.
९) शौचाला आल्यासारखा दाब येणे, आपोआप जोर लागणे.

याशिवाय आधीचे बाळंतपण सिझेरियन झाले असेल, जुळे असेल, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा विकार असेल, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर मंद कळा घरी काढण्याचा प्रश्नच येत नाही. पहिली कळ आली की निघायचे. शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेला दवाखाना कोणता, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे. आणि बाई स्वतः म्हणत असेल की "मला काही बरे वाटत नाही", तर कारण विचारत बसू नका. तिच्या शरीराची खबर सर्वांत आधी तिलाच लागते.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी बाळंतपणातील मृत्यूंमागे तीन उशीर असतात असे मांडले. पहिला निर्णय घेण्यातला, दुसरा पोहोचण्यातला, तिसरा दवाखान्यात उपचार मिळण्यातला. दुसऱ्यासाठी रस्ते व गाड्या हव्यात, तिसऱ्यासाठी डॉक्टर हवेत. पहिला उशीर मात्र आपल्या घरात घडतो आणि तो कमी करायला सरकारी मंजुरी लागत नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले आणि देशात ९७. पूर्वीच्या मानाने हे पुष्कळ कमी आहे. पण ज्या घरातली बाई जाते त्या घराला आकड्याचा काय दिलासा?

हे ज्ञान फक्त शिकलेल्यांचे आहे असे कोणी समजू नये. पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र बसून शिकल्या, एकत्र जेवल्या. गरोदर बाईला तपासणे, कोणते बाळंतपण सोपे आणि कोणते अवघड ते ओळखणे, आणि अवघड असेल तर वेळ न घालवता जामखेडला पाठवणे, हे त्या शिकल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या सल्ल्यावर गाव आपल्या लेकी-सुना सोपवू लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये आपल्यातून गेले. पण केव्हा थांबायचे आणि केव्हा पाठवायचे हे अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा अचूक सांगू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. मग आपल्या वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना ते का जमू नये?

सोनईत बसून हा विषय लिहिताना ऊसतोड भगिनींना विसरता येणार नाही. येथे मुळा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात पाथर्डीकडून, बीड जिल्ह्यातून कुटुंबे येतात आणि कोप्यांचा तळ पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई एक दिवस बसली तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. अशा वेळी मंद कळा घेऊनच ती फडात मोळ्या बांधते, कारण कळा जोराच्या झाल्याशिवाय "थांबते" म्हणण्याची तिला मुभा नसते. तिची तपासणीची कागदे गावाकडे राहिलेली असतात. इथली आशाताई तिला ओळखत नाही, तिला दवाखाना माहीत नाही. मंद कळांचा खरा धोका या कोपीत आहे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. कारखान्याच्या आतल्या बाईसाठी झालेला हा विचार कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या फडातल्या बाईपर्यंत पोहोचायला हवा. तोवर आपण एवढे तरी करू. हंगाम सुरू झाला की महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी तळावर जाऊन गरोदर भगिनींची नावे आशाताईकडे नोंदवावीत, त्यांना दवाखाना दाखवावा, आणि मुकादमाला सांगावे की कळा लागलेल्या बाईला फडात पाठवायचे नाही.

पैशाच्या भीतीनेही घरे थांबतात. म्हणून हे माहीत असू द्या. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. ती परगावच्या बाईलाही आहे. १०२ ही गाडी गरोदर माता व बाळांसाठी, तर १०८ तातडीच्या प्रसंगासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील मातांना जननी सुरक्षा योजनेचे अनुदानही मिळते. त्याची कागदपत्रे आशाताईला आधीच विचारून ठेवावीत.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. लेक माहेरी येताना तिचे माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे कागद सोबत आले पाहिजेत. आल्या आठवड्यातच माहेरच्या आशाताईकडे नाव नोंदवावे. आठव्या महिन्यापासून एका पिशवीत कागद, आधार कार्ड, बँक पासबुक, धुतलेली सुती कापडे, बाळाचे कपडे आणि थोडे पैसे भरून ठेवावेत. गाडीवाल्याचे दोन नंबर भिंतीवर लिहावेत. रक्तगट जुळणारी दोन माणसे हेरून ठेवावीत. घरी लहान लेकरे, जनावरे कोण पाहील ते ठरवावे. आणि नवरा कामावर बाहेरगावी असला तरी कोणाला न विचारता निघण्याचा अधिकार त्या बाईला आणि तिच्याजवळच्या बाईला आहे, हे घरातल्या कर्त्या पुरुषाने सर्वांसमोर आधीच सांगून ठेवावे. रात्री दोन वाजता परवानगीसाठी फोन लागत नाही, यात वेळ जाता कामा नये.

शेवटी दवाखान्यातल्या वागण्याबद्दल. तपासून "अजून वेळ आहे, घरी जा" असे सांगितले तर चिडू नये, पण तसेच मुकाट्याने परतूही नये. तीन प्रश्न विचारावेत. तोंड किती उघडले आहे? बाळाचे ठोके व आईचा रक्तदाब ठीक आहे का? आम्ही पुन्हा केव्हा, कोणते लक्षण दिसले की यायचे? उत्तरे कार्डावर लिहून मागावीत. घर लांब असेल तर "आम्ही जवळच थांबतो" असे सांगावे. कोणी हिडीसफिडीस केले तरी बाईला घेऊन निघून येऊ नये. तक्रार नंतर करता येते. उपचार हा उपकार नाही, तो तुमचा हक्क आहे, हे मनात पक्के असले की आवाज आपोआप नम्र आणि ठाम राहतो.

परत पाठवले म्हणून दुसऱ्यांदा जायला लाजू नका, तिसऱ्यांदाही लाजू नका. तीन खेपांचे भाडे पुन्हा कमावता येते. येत्या रविवारी बैठकीला जमाल तेव्हा वरची नऊ लक्षणे मोठ्याने वाचा, आणि आपल्या वस्तीत कोणाला नववा लागला आहे, तिची गाडी कोण आणणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवा.

जयभीम.